आधी डिक्की उघडा

मन्मथअप्पांच्या दुकानासमोर तुम्ही गाडी उभी केलीत, तर ते नमस्कार करत नाहीत, काय पाहिजे ते विचारत नाहीत आणि गाडीखालच्या टायरकडे बघतही नाहीत. सरळ गाडीच्या मागे जाऊन उभे राहतात आणि म्हणतात, "आधी डिक्की उघडा. बाकी नंतर बोलू."

डिक्कीत काय असतं ते ज्याचं त्याला माहीत. कुणाच्या बॅगा, कुणाचं खताचं पोतं, कुणाच्या बायकोनं माहेराहून आणलेलं पातेलं. अप्पा ते सगळं स्वतःच्या हातानं उतरवून रस्त्याच्या कडेला ओळीनं मांडतात. मग तळाचा पुठ्ठा उचलून स्टेपनी बाहेर काढतात आणि तिची हवा मोजतात. हवा कमी निघाली की गाडीच्या मालकाकडे असं बघतात, की चारचौघांत आपली विजार फाटली आहे असं त्याला वाटावं. हवा भरतात, स्टेपनी जागेवर ठेवतात, सामान होतं तसं परत लावतात आणि हात पुसत विचारतात, "हं, बोला. काय काम होतं?"

एकदा नवरदेवाची गाडी आली होती. पुढच्या चाकात थोडी हवा भरून घ्यायची, एवढंच काम. डिक्कीवर झेंडूच्या माळा इकडून तिकडे ओढून बांधलेल्या. अप्पांनी त्या गाठी सोडल्या आणि नवरीचा शालू, फळांच्या परड्या, नवरदेवाच्या मामाची झोपायची चादर असं सगळं रस्त्यावर काढलं. मामा रडकुंडीला आले. "अप्पा, मुहूर्त चुकंल हो."

"मुहूर्त तिकडं देगलूरला हाय," अप्पा म्हणाले. "रस्ता मधी हाय."

आमच्या उदगीरमध्ये अप्पांना ओळखत नाही असा माणूस नाही, आणि त्यांच्याकडे मुकाट्यानं डिक्की उघडत नाही असाही नाही. मी कॉलेजात ग्रंथपाल आणि अप्पांचा शेजारी. माझी गाडी जुनी आणि लहान, तरी तिचीही सुटका नाही. कपाळावर भस्माचे तीन पांढरे पट्टे आणि कोपरापर्यंत काळे हात, अशी त्यांची मूर्ती दिसली की मी आपण होऊन चावी काढतो.

टायरच्या बाजूवर एक लांबलचक आकडा कोरलेला असतो. आपल्यापैकी बहुतेकांनी तो कधी वाचलेला नसतो. मीही वाचला नव्हता. छापलेलं काहीही वाचायची सवय असलेल्या माणसाला हे लाजिरवाणंच. अप्पांनी मला एका गिऱ्हाइकाच्या टायरपुढे उकिडवं बसवून तो शिकवला. १८५, ६५, १५. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा बाजूची उंची, पण ती रुंदीच्या शेकडा किती ते. तिसरा आतली रिम, इंचात. एकाच टायरवर मिलिमीटर, शेकडा आणि इंच हे तिघं गुण्यागोविंदानं नांदतात हे पाहून मला आघाडीच्या सरकारांबद्दल जरा आशा वाटू लागली.

"पहिले रिम लहान असायची, रबर लई," अप्पा म्हणाले. "खड्डा आला की रबर दबायचं. आत बसलेल्याला पत्ताबी लागायचा न्हाई. आता रिम मोठी आन रबर बोटभर. दिसायला झ्याक. वळणावर गाडी चिकटून पळती, तेबी खरं. पर खड्डा तर कुनीतरी सोसायलाच लागतो की, सर. रबरानं न्हाई सोसला तर रिम सोसती. रिमनं न्हाई सोसला तर तुमची कंबर."

"मग लोक घेतात कशाला?"

"दिसायला झ्याक," अप्पा पुन्हा म्हणाले आणि उठले.

माझ्या गाडीची रिम बारा इंची. टायरच्या बाजू गुबगुबीत. अप्पा तिच्यावर खूश असतात. ती गाडी बघून खूश होणारे जगात ते एकटेच.

आता आमच्या गावाबद्दल सांगायला हवं, कारण अप्पांचे सगळे तंटे त्यातून निघतात. आमचं गाव गेली कित्येक वर्षं पुढच्या महिन्यात जिल्हा होणार आहे. दर झेंडावंदनाच्या आधी आठवडाभर गावात कुजबुज सुरू होते, पेढ्यांची ऑर्डर जाते आणि भाषण संपलं की पेढे आपापल्या घरी खाल्ले जातात. कलेक्टर कचेरीची जागा तीनदा ठरली. एका हॉटेलवाल्यानं पाटीवर नावाखाली "नियोजित जिल्हा उदगीर" असं रंगवून घेतलं, त्या पाटीचा रंगही आता उडाला. जिल्ह्याचं गाव होणार म्हणून रस्ते रुंद करायचं ठरलं. त्यासाठी दोन्ही कडा खोदल्या गेल्या. खोदून झाल्यावर काम थांबलं.

त्यातच दुष्काळ. सलग दुसरं वर्ष. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि आमच्याकडे त्या खोदलेल्या रस्त्यांवरून दिवसभर टँकर हेलकावे खात जात. अशा दिवसांत एक तरुण पुढारी अप्पांकडे आले. त्यांना सगळे दादा म्हणत. बॅनरवर ते "नियोजित जिल्ह्याचे शिल्पकार" होते.

"अप्पा, गाडीला वीस इंची बसवा. रुंद, चकचकीत. जिल्हा होऊन राहिला. कलेक्टर येतील, एसपी येतील. त्यांच्या रांगेत आपली गाडी शोभाया पाहिजे."

"आधी डिक्की उघडा."

डिक्कीतून चाळीसेक शाली, नारळांचं पोतं आणि दादांचाच एक पुठ्ठ्याचा पुतळा निघाला, हात उंचावून जनतेला अभिवादन करणारा. अप्पांनी तो नारळांच्या पोत्याला टेकवून उभा केला. पुढचा अर्धा तास दादा आणि त्यांचा पुतळा असे दोघं रस्त्यावर उभे होते. येणारे-जाणारे नमस्कार करत होते, पण कुणाला ते नक्की सांगता येत नव्हतं. स्टेपनीत हवा नव्हतीच.

"आधी जिल्हा होऊ द्या," अप्पा म्हणाले. "मग रस्ता होऊ द्या. मग या. बसवून देतो."

"गिऱ्हाईक वापस पाठवून राहिले अप्पा तुमी."

"वापस न्हाई. चालत्या गाडीत पाठवून राहिलो."

दादांनी नांदेडला जाऊन वीस इंची चाकं बसवली. चाक मूळच्यापेक्षा बरंच मोठं झालं की वेग दाखवणारं मीटर फसतं. चाक कमी वेळा फिरतं, काटा ऐंशी दाखवतो आणि गाडी त्याहून जोरात पळत असते. प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा कमी दाखवणारं यंत्र आयुष्यात पहिल्यांदाच भेटल्यामुळे दादांना ते खरं वाटेना. आठव्या दिवशी गावाबाहेरच्या वळणावर खड्डा आला. रबर बोटभरच होतं. दादा चिरलेली रिम मांडीवर घेऊन ऑटोत बसून आले. अप्पांनी रिमकडे बघितलं नाही. ऑटोवाल्याला म्हणाले, "स्टेपनी हाय का रे तुझ्याकडं? दाखव."

त्या उन्हाळ्यात अप्पांची खरी पंचाईत पाण्यानं केली. पंक्चर शोधायला टबभर पाणी लागतं. टायर बुडवायचा, बुडबुडे कुठून येतात ते बघायचं. नळाला पंधरा-वीस दिवस पाणी नसताना टायरला आंघोळ घालणं अप्पांना पटेना. आधी त्यांनी तेच पाणी फडक्यानं गाळून महिनाभर वापरलं. मग तो टब गल्लीतल्या म्हशीसाठी दिला आणि गालानं पंक्चर शोधायला लागले.

म्हणजे असं. टायर मांडीवर उभा धरायचा, हळूहळू फिरवायचा आणि गाल त्याच्या अगदी जवळ न्यायचा. डोळे मिटायचे. कुठून बारीक हवा येत असेल तर ती गालाला लागते. "डोळ्याला दिसत न्हाई, कानाला खोटं ऐकू येतं," ते म्हणत. "गालाला बरोबर कळतं." भर दुपारी रिकाम्या रस्त्यावर एक म्हातारा टायरला गाल लावून, डोळे मिटून बसलेला बघून परगावचे लोक गाडी हळू करायचे. त्यांना वाटे, याला झोप लागली.

अप्पा दुकानातच असत. सकाळी यायचे, अंधार पडला की घरी झोपायला जायचे. आधल्या वर्षी महादेवीकाकू गेल्या तेव्हापासूनचा हा क्रम. एकुलती एक मुलगी, लीला, पुण्याला नोकरीला. माझी बायको दुपारचा डबा दुकानात पाठवते. तो डबा अप्पा कधी रिकामा परत करत नाहीत. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही काकूंची शिस्त. काकू चिमूटभर साखर तरी घालायच्या. अप्पा मूठभर शेंगदाणे घालतात, कधी गुळाचा खडा. एकदा काहीच नसावं. डब्यातून टायरच्या हवेची चार नवी टोपणं निघाली, धुऊन पुसलेली. बायकोनं ती अजून देवघराच्या खणात ठेवली आहेत.

दर रविवारी सकाळी नऊ वाजता अप्पा दुकानातून लीलाला फोन करत. बाप-लेकीचं ते संभाषण मी इतक्यांदा ऐकलं होतं, की मला पाठ झालं होतं.

"स्टेपनीची हवा बघितलीस का?"

पलीकडून हो.

"किती?"

पलीकडून आकडा.

"बरं. ठेवतो."

एवढंच. जेवलीस का, कधी येतेस, काही नाही. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "अप्पा, लेकीला विचारायला जगात दुसरं काही नाही का?" ते म्हणाले, "दुसरं तिचं तिला कळतं."

मधल्या काळात मला कॉलेजच्या पुस्तक खरेदीसाठी पुण्याला जायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी अप्पा घरी आले. हातात रुमालात गुंडाळलेलं हवा मोजायचं मीटर.

"सर, एक काम होतं. लीलाकडं जाऊन या. स्टेपनीची हवा मोजून या."

"तिनं रविवारी सांगितली की."

"तेहतीस सांगती," अप्पा म्हणाले. "दर रविवारी तेहतीस. उन्हाळ्यात तेहतीस, थंडीत तेहतीस. असं कुठं असतं? टायर हाय तो. एखादा पॉइंट उतरायलाच पाहिजे." त्यांनी रुमालाची गाठ आवळली. "खोटं बोलून राहिली का काय, कळंना."

"आणि तिला निरोप काय सांगू?"

"निरोप न्हाई. आकडा आना."

लीला मला सोसायटीच्या दारातच भेटली. लहानपणी अप्पांच्या दुकानात टायरच्या चवडीवर बसून माझ्याकडून नेलेली पुस्तकं वाचायची ती पोर. आता कानशिलावर दोन-चार केस पांढरे दिसत होते. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मी संकोचत रुमाल सोडला. मीटर बघून ती हसली. मग हसायची थांबली.

"चला काका," ती म्हणाली. "आधी डिक्की."

खाली गाड्या लावायच्या जागेत तिनं डिक्की उघडली. आत काही नव्हतं. पाण्याची बाटली नाही, जुनं फडकं नाही, पिशवी नाही. तळाचा पुठ्ठासुद्धा काढून टाकलेला. नुसती स्टेपनी, उघडी, हात घातला की लागेल अशी. मी अप्पांनी शिकवल्याप्रमाणे मीटर लावलं. तेहतीस.

"शनिवारी संध्याकाळी पंपावर जाते," लीला म्हणाली. "एखादा पॉइंट उतरलेला असतो. भरून घेते. म्हणजे रविवारी खोटं बोलावं लागत नाही, आणि कमी सांगून त्यांच्या जिवाला घोरही नको."

मी डिक्की लावायला गेलो, तर तिनं ती तशीच धरून ठेवली.

"काका, ही सोळा इंची चाकं मीच मागितली होती. आई गेली त्याच्या आधीच्या दिवाळीत. गाडीला पंधरा इंची होती. अप्पा म्हणाले, बोटभर रबर कमी होतं बाई. मी म्हटलं, छान दिसतात अप्पा. अख्ख्या उदगीरला नाही म्हणणारा माणूस, मला काही बोलले नाहीत. नांदेडहून मागवून बसवली. चारी बदलून झाली, मग स्टेपनी बघायला मागे आले. तर आईनं डिक्की गच्च भरून ठेवली होती. ज्वारीचं पीठ, कारळाची चटणी, धपाटे, लोणच्याची बरणी. ते सगळं काढावं लागलं असतं. मीच म्हटलं, राहू द्या अप्पा, मला उशीर होतोय."

पुढचं मला निम्मं माहीत होतं. काकूंचं अचानक बिघडलं, लीलाला फोन गेला, ती एकटी गाडी घेऊन निघाली. त्यापुढचं तिनं सांगितलं. लातूरहून येताना नळेगावच्या अलीकडे रस्ता असाच खोदलेला. टायर फुटला. स्टेपनी काढली, तर तिच्यात हवा नव्हती.

"रस्त्यावर टँकरशिवाय काही नव्हतं. एकजण थांबला, पण त्याच्याकडे पंप नव्हता. शेवटी मी अप्पांना फोन केला. ते आईजवळ बसले होते." लीला स्टेपनीकडे बघत होती. "ते हवेचा पंप घेऊन आले. आईजवळून उठून. नुसती हवा कमी होती, काका. बाकी सगळं होतं गाडीत."

त्या दिवशी बाप-लेक एकाच गाडीतून उतरले, ते मी दारातून पाहिलं होतं. अप्पा तिला आणायला लातूरला गेले असतील अशी मी समजूत करून घेतली होती. काकूंच्या उशाशी तेव्हा माझी बायको होती. ते दोघं पोचायच्या आधी अर्धा तास सगळं संपलं होतं.

"यावर तुम्ही दोघं कधी बोललात?"

"गाडीत काही बोललो नाही. मग माती झाली, माणसं होती. मग राहून गेलं." तिनं डिक्की हळूच बंद केली. "मी उदगीरला आले की अप्पा आधी डिक्की उघडायला लावतील. सगळ्यांना लावतात म्हणे आता. उघडली की आम्हा दोघांना एकच गोष्ट दिसणार. त्यापेक्षा आकडा बरा."

जुनी मासिकं तारीखवार लावण्यात माझी हयात गेली. पण अप्पांचं हे डिक्कीचं वेड कोणत्या दिवसापासून सुरू झालं, ते मी कधी लावून पाहिलं नव्हतं. आम्ही सगळे त्याला वेड म्हणत होतो, आणि हसायला बरं होतं.

परत आलो तो दुकानात गेलो. अप्पा टायर गालाला लावून बसले होते. त्यांनी डोळे उघडले.

"तेहतीस," मी सांगितलं. "खोटं बोलत नाही. दर शनिवारी भरून घेते."

"हं." त्यांनी टायर थोडा फिरवला. "सामान लई काढावं लागलं का?"

"काहीच नव्हतं. डिक्की रिकामी आहे, अप्पा. रिकामीच ठेवते ती."

टायर त्यांच्या मांडीवर तसाच राहिला. एक टँकर खडखडत गेला, त्याची धूळ बसेपर्यंत ते रस्त्याकडे बघत होते.

"तिच्या आईनं डिक्की कवाच रिकामी जाऊ दिली न्हाई," ते म्हणाले, आणि पंक्चर शोधायला लागले. खूप वेळ शोधत होते.

पुढच्या रविवारी नऊ वाजता मी दुकानात होतो. मुद्दाम गेलो होतो असं म्हणालात तरी चालेल. अप्पांनी फोन लावला.

"हवा बघितलीस का?"

पलीकडून हो आलं असावं. पण अप्पांनी किती ते विचारलं नाही. बरं, ठेवतो, असंही म्हणाले नाहीत. भस्माच्या पट्ट्यांवरून काळा हात फिरवला, त्यामुळे कपाळ सगळं खराब झालं.

"डिक्की रिकामी ठिवू नको बाई," ते म्हणाले. "हाव, सरांनी सांगितलं... भर काही. काय बी भर, तुझं काय असंल ते. भर आन इकडं घेऊन ये." मग पलीकडचं ऐकून, "काढतो की. समदं काढतो मी. वळीनं मांडतो इथं... न्हाई बाई. घाई न्हाई मला."

अप्पा फोन गालाला लावून, डोळे मिटून बसून राहिले.